लाळ काय सांगते, काय सांगत नाही

(पुस्तक परीक्षण : ‘इनहेरिटन्स’, लेखिका डॅनी शपिरो, २०१९)

२०१६ साली अमेरिकेतल्या एका नवरा-बायकोने प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये आपापली लाळ भरली आणि टपालाने एका कंपनीकडे पाठवून दिली. हौस नवऱ्याची होती. त्याला आपल्या घराण्याची मुळे शोधायची होती. बायकोने केवळ त्याला सोबत म्हणून नळी भरली. तिला स्वतःच्या घराण्याबद्दल काही शोधायचे नव्हते, कारण ते तिला पाठच होते. वडील सनातनी ज्यू कुटुंबातले. पूर्व युरोपातून आलेले पूर्वज, त्यांची जुनी छायाचित्रे, घरातल्या प्रार्थना, सणवार या सगळ्यांवर तिने आधीच्या पुस्तकांमधून भरभरून लिहिले होते.

निकाल आला तेव्हा तिच्या डीएनएचा जेमतेम निम्मा भाग पूर्व युरोपातील ज्यू लोकांशी जुळणारा निघाला. जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत एक अगदी जवळचा भाऊ होता, पण त्याच्याविषयी तिने जन्मात कधी ऐकले नव्हते. वडिलांच्या पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणजे तिची सावत्र बहीण, हिनेही पूर्वी अशीच तपासणी करून घेतली होती. दोघींचे निकाल ताडून पाहिले, तर त्या बहिणी नव्हत्याच. ज्यांना ती चोपन्न वर्षे वडील म्हणत आली, ते तिचे जैविक वडील नव्हते.

डॅनी शपिरो या अमेरिकेतल्या नावाजलेल्या लेखिका. त्यांच्या या शोधाची हकीकत म्हणजे ‘इनहेरिटन्स’ हे आत्मकथन. पुस्तक तिकडे खूप वाचले गेले. आपण आनुवंशिकता शिकवणारी माणसे आहोत, म्हणून ते थोडे वेगळ्या नजरेने वाचावे असे मला वाटते. तपासणीने लेखिकेला दोन प्रकारची उत्तरे दिली. दोन्ही एकाच नळीतून आली, एकाच पडद्यावर दिसली, पण त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. हा फरक पुस्तकातून पुरेसा स्पष्ट होत नाही.

पहिले उत्तर नात्याचे. अशा तपासणीत आपला सगळा डीएनए वाचत नाहीत. आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांपैकी माणसामाणसांत फरक आढळतो अशी काही लाख ठिकाणे तेवढी तपासली जातात. मग दोन व्यक्तींमध्ये सलग लांबवर सारखे असलेले तुकडे संगणक शोधतो. दर पिढीला गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि तुकडे लहान होत जातात. त्यामुळे तुकडे किती आणि केवढे लांब, यावरून नाते किती जवळचे ते कळते. मुलाचा निम्मा डीएनए आईकडून आणि निम्मा वडिलांकडून येतो. सावत्र भावंडांमध्ये सरासरी एक चतुर्थांश सारखा असतो, तर सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये एक अष्टमांश.

इथे एक गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. आपल्या भाषेत चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार वेगळी नाती आहेत. तपासणीला ती चारही सारखीच. तिला फक्त अष्टमांश दिसतो. चतुर्थांश सारखा असेल तर समोरचा माणूस सावत्र भाऊ असेल, काका असेल, मामा असेल किंवा आजोबाही असू शकेल. तो नक्की कोण, हे वय, गाव, कागदपत्रे आणि माणसांच्या आठवणी यांवरूनच ठरवावे लागते.

पुस्तकात नेमके हेच घडते. त्या अनोळखी भावाच्या नावावरून त्याचे कुटुंब सापडते. आई हयात असताना एकदा बोलता बोलता फिलाडेल्फियातल्या एका संस्थेचा उल्लेख करून गेली होती, तो लेखिकेला आठवतो. मूल होत नसलेल्या जोडप्यांवर तिथे उपचार होत. त्या काळी अशा ठिकाणी वैद्यकीय विद्यार्थी शुक्राणुदाते असत. त्या भावाच्या कुटुंबातले एक गृहस्थ तरुणपणी त्याच शहरात वैद्यकाचे विद्यार्थी होते. जेमतेम दीड दिवसात लेखिका आपल्या जैविक वडिलांपर्यंत पोहोचते. पुस्तकाचा हा भाग उत्तम आहे. पुराव्याला पुरावा कसा जोडावा, हे त्यातून आपल्या विद्यार्थ्यांनाही शिकता येईल.

या पहिल्या उत्तरालाही एक अट आहे. पूर्व युरोपातील ज्यू, ज्यांना अश्केनाझी म्हणतात, ते मध्ययुगातल्या बऱ्याच लहान समूहापासून वाढले आणि पुढे शतकानुशतके आपसातच लग्ने करत राहिले. त्यामुळे कोणत्याही दोन अश्केनाझींमध्ये थोडे छोटे तुकडे सारखे निघतातच. हा थोडका सारखेपणा सावत्र बहिणींच्या चतुर्थांशाच्या जवळपासही जात नाही, म्हणून इथे फसगत झाली नाही. पण दूरचे नाते ठरवताना ती होऊ शकते. जातीतच लग्ने करण्याची रीत असलेल्या आपल्या देशात हा मुद्दा विशेष लक्षात ठेवायला हवा. इथे यादीतला ‘दूरचा भाऊ’ दाखवला आहे त्याहूनही बराच दूरचा असू शकतो.

दुसरे उत्तर टक्केवारीचे. तुम्ही इतके टक्के अमुक, तितके टक्के तमुक. ही टक्केवारी कशी काढतात? कंपनीजवळ आज हयात असलेल्या काही लोकांचे नमुने असतात. त्यांचे पूर्वज बहुधा एकाच प्रदेशातले, असे मानून त्यांचे गट केलेले असतात. तुमचा एकेक तुकडा कोणत्या गटाशी जास्त जुळतो, याचा अंदाज संगणक करतो. तुलना पूर्वजांशी नसते, आजच्या लोकांशी असते. गट बदलले किंवा गणिताची पद्धत सुधारली, की तुमची टक्केवारीही बदलते. तुमचे आजोबा मात्र तेच राहतात. २०१९ साली कॅनडातल्या सीबीसी वाहिनीच्या एका पत्रकार महिलेने आपले आणि आपल्या जुळ्या बहिणीचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठवले. दोघी एकसारख्या जुळ्या, डीएनए जवळजवळ तंतोतंत एक. तरी कंपन्या-कंपन्यांचे निकाल जुळले नाहीत आणि एकाच कंपनीने दोघी बहिणींना वेगवेगळे आकडेही दिले.

सगळीच टक्केवारी सारखी कच्ची असते, असेही नाही. अश्केनाझी गट वर सांगितलेल्या इतिहासामुळे सहज ओळखू येतो. ज्याचे दोन्ही पालक त्या समाजातले, त्याच्या निकालात निम्माच भाग दिसला तर काही तरी वेगळे आहे असे म्हणायला भक्कम आधार आहे. उरलेल्या निम्म्यात फ्रेंच किती आणि जर्मन किती, याला मात्र तेवढा आधार नाही, कारण शेजारच्या प्रदेशांतली माणसे सतत मिसळत आली आहेत. हा फरक अर्ध्या पानात सांगता आला असता. लेखिकेने तो सांगितलेला नाही. त्यामुळे पुस्तक मिटून स्वतः नळी मागवणाऱ्या वाचकाला सगळेच आकडे सारखे वजनदार वाटतील.

माझा मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. निकाल हाती आल्यावर लेखिका आपले बालपण नव्याने वाचू लागते. ती गोरी, निळ्या डोळ्यांची आणि सोनेरी केसांची होती. ज्यू दिसत नाहीस, असे लोक म्हणत. एका परिचित बाईंनी तर, तू नाझींकडून आम्हाला पाव मिळवून दिला असतास, असे त्या लहान मुलीला ऐकवले होते. आपण या घरातले नाही अशी भावना मनात सतत होती, हे तिला आता आठवते. जैविक वडिलांच्या भाषणाची चित्रफीत पाहताना त्यांच्या हातवाऱ्यांमध्ये तिला स्वतःचे हातवारे दिसतात. हे सगळे वाचताना मन हलते. पण पुरावा म्हणून याचे वजन किती?

केस आणि डोळे यांच्या रंगाचे ठीक आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ‘मी या घरातली नाही’ हे मात्र सख्ख्या आईबापांच्या किती तरी मुलांना वाटते. त्यांच्या हाती कधी असा निकाल पडत नाही, म्हणून ती भावना विरून जाते. इथे उत्तर आधी मिळाले आणि त्याला जुळणाऱ्या आठवणी नंतर गोळा झाल्या. न जुळणाऱ्या आठवणी कोणी मोजल्या नाहीत. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी लिहून मग निरीक्षणे भरणाऱ्या विद्यार्थ्याला आपण जे सांगतो, तेच इथे सांगायला हवे. ज्यांच्या मांडीवर ही मुलगी वाढली, त्या वडिलांचे कोणते हातवारे तिच्यात उतरले, हे शोधायला कोणी चित्रफीत लावून बसले नाही.

लेखिकेला खरी टोचणी लागते ती वेगळ्याच प्रश्नाची : आईवडिलांना हे ठाऊक होते का? आई आणि वडील दोघेही हयात नाहीत. त्या काळी काही ठिकाणी पतीचे आणि दात्याचे शुक्राणू एकत्र मिसळत, म्हणजे मूल आपलेच असे जोडप्याला मानता यावे. ही गोष्ट कोणाजवळ बोलू नका, असेही बजावले जाई. लेखिका वृद्ध डॉक्टरांना भेटते, धर्मगुरूंना भेटते, कागद धुंडाळते. पक्के उत्तर मिळत नाही आणि ते मिळाल्याचा आवही ती आणत नाही. पुस्तकाचा सगळ्यात प्रामाणिक भाग हा. माणसाच्या मनात काय होते, ते लाळेत उतरत नाही.

याच भागात नव्वदी ओलांडलेल्या आत्याची भेट आहे. आपल्याच भावाची मुलगी आपल्या रक्ताची नाही, हे आत्याला सांगायचे कसे, या धास्तीने लेखिका जाते. आत्या सगळे ऐकून घेते आणि भाचीला जवळच करते. तिच्या लेखी काहीच बदललेले नसते. या पानांसाठी पुस्तक अवश्य वाचावे.

एक बाजू पुस्तकात अपुरी राहिली आहे. त्या दात्याने गुप्ततेच्या भरवशावर शुक्राणू दिले होते. ती गुप्तता उघड झाली ती त्याच्या नात्यातल्या एका माणसाच्या लाळेमुळे. लेखिकेने पुस्तकात दात्याचे नाव बदलले, हे योग्यच केले. पण एकाने नळी भरली की त्याच्या सगळ्या भावकीची माहिती बाहेर जाते, या प्रश्नाशी ती फारशी थांबत नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या पोलिसांनी एका जुन्या खुनी गुन्हेगाराला त्याच्या दूरच्या नातलगांच्या डीएनएवरून शोधले. २०२३ साली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोकांच्या माहितीचे पुढे काय होणार हा प्रश्न न्यायालयापुढे आला.

आता आपल्या वर्गाकडे वळू. अशी नळी न मागवताही आपण नकळत हीच तपासणी घेत असतो. ‘घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून आणा’, ‘जीभ कोणाकोणाची वळते ते पाहा’, ‘कानाची पाळी आईसारखी की बाबांसारखी?’ हे उपक्रम आपण किती सहज देतो! जिभेचेच पाहा. १९४० साली स्टर्टेव्हंट या नामवंत शास्त्रज्ञाने जीभ वळणे हा साधा आनुवंशिक गुण असल्याचे मांडले. १९५२ साली मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच आपले म्हणणे मागे घेतले. तरीही तो उपक्रम अजून चालूच आहे.

रक्तगटाचे तर याहून नाजूक. आई ‘ओ’, बाबा ‘ओ’ आणि मूल ‘बी’ असा तक्ता समोर आला, तर हुशार मुलगा काय अर्थ काढील? १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा रक्तगट नोंदवला. तो आज ‘बाँबे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जातो. ए आणि बी हे प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात, तो एच प्रतिजनच या लोकांमध्ये नसतो. म्हणून बी गटाचे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ दिसतात आणि त्यांचे मूल ‘बी’ गटाचे होऊ शकते. म्हणजे त्या तक्त्यातली आई खरोखरच त्या मुलाची आई आणि बाबा खरोखरच बाबा असू शकतात. तक्त्यावरून काढलेला अर्थ तेवढा चुकीचा ठरतो.

शिवाय प्रत्येक वर्गात दत्तक आलेले, आजीकडे वाढणारे, वडिलांची माहिती नसलेले एखादे मूल असतेच. त्याच्या हाती कोरा रकाना देऊन आपण आनुवंशिकता शिकवत नाही. म्हणून माझी सूचना अशी. घरच्या माणसांचे तक्ते मागवू नयेत. वर्गाचे रक्तगट हवे असतील तर बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्यावेत आणि प्रमाण काढावे. पालक आणि अपत्य यांची उदाहरणे वाटाण्यांची, कबुतरांची किंवा फळ्यावरच्या काल्पनिक कुटुंबाची द्यावीत. बाँबे रक्तगटाची गोष्ट मात्र जरूर सांगावी, कारण नियम कुठे थांबतो हे तिच्यातून चांगले कळते.

आणि तरीही एखाद्या मुलाने विचारले, ‘सर, मी दत्तक आहे, मग मी कोणासारखा?’ तर दोन्ही उत्तरे द्यावीत. डोळ्यांचा रंग ज्यांनी जन्म दिला त्यांच्याकडून आला. बोलण्याची ढब, जेवणाची आवड, अक्षराचे वळण यांत रोज ज्यांच्याबरोबर तू राहतोस त्यांचा वाटा किती, ते तूच घरी नीट पाहा आणि आम्हाला सांग.