भारमानात न मोजलेले प्रवासी

‘गाव तिथे एसटी’ म्हणतात, पण फेरी टिकणार की नाही हे बऱ्याचदा भारमानावर ठरतं. 44 आसनं, 11 प्रवासी, म्हणजे भारमान 25 टक्के. हिशोब बरोबर आहे. पण ‘या गावाला गाडीची गरज नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शाळा पाचला सुटते आणि गाडी चारलाच निघून जाते, तर मुली भारमानात येणार कशा? परतीची गाडी बंद केली, की सकाळचीही रिकामी पडते. मग तीही बंद! पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर तो काय कामाचा? तुम्ही ही आकडेवारी वापराल तेव्हा आधी थांब्यावर जाऊन बघा: गाडीत चढू न शकलेले किती?