सन्मान कृतीचा की कर्त्याचा?

एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा वितरण सोहळा २३ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पार पडला. हे पुरस्कार २०२३ सालच्या चित्रपटांसाठी होते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. १९५४ साली या पुरस्कारांची परंपरा सुरू झाली, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक पटकावणारा चित्रपटही ‘श्यामची आई’च होता, तो आचार्य अत्रे यांचा. साने गुरुजींच्या एकाच पुस्तकावरचे हे दोन चित्रपट या परंपरेच्या दोन टोकांना उभे आहेत. मधल्या सात दशकांत सन्मानाची कल्पना कशी पालटली, हे त्यांच्या निमित्ताने तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

पहिल्या वर्षीची यादी अगदी आटोपशीर होती. एक कथापट, एक माहितीपट आणि ‘दो बिघा जमीन’सारख्या काही चित्रपटांना गुणवत्तेची प्रमाणपत्रे. उत्कृष्ट नटाचे किंवा नटीचे पारितोषिक तेव्हा नव्हतेच. श्यामच्या आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा अभिनय आजही वाखाणला जातो. परंतु पदक मिळाले ते चित्रपटाला. अभिनयाची राष्ट्रीय पारितोषिके १९६७ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाली आणि पहिले मानकरी ठरले उत्तमकुमार व नर्गिस. कलावंताचा गौरव व्हावा यात गैर काही नाही. तथापि व्यक्तीवर प्रकाशझोत पडला की कृती सावलीत जाते, हा धोका तेव्हापासून या सोहळ्याच्या सोबतीला आहे.

२०२५ च्या सोहळ्यातही तो दिसला. शाहरुख खान यांना मिळालेल्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्काराने बातम्यांचा मोठा भाग व्यापला. ‘नाळ २’ हा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातील मुलांनाही बालकलाकारांचा पुरस्कार मिळाला. साडी नेसून व्यासपीठावर आलेल्या चिमुकल्या त्रिशा ठोसरचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच होते. पण त्या साडीविषयी जितके बोलले गेले, तितके त्या चित्रपटाविषयी बोलले गेले नाही. आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला पदार्पणातील दिग्दर्शनाचे पारितोषिक लाभले. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या शाळकरी मित्रांची ही कथा आपल्या घरांतील मुलांनी अवश्य पाहावी अशी आहे. परंतु सोहळ्याची छायाचित्रे पाहून हे कोणाला कळणार?

या ओढीचे टोक ३ मे २०१८ रोजी दिसले होते. राष्ट्रपती रामनाथ कोविंद मोजकेच अकरा पुरस्कार स्वहस्ते देतील व उर्वरित मंत्रिमहोदया देतील, असे कळताच पन्नासहून अधिक मानकरी सोहळ्याला गैरहजर राहिले. निमंत्रण राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळण्याचे होते, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. आयत्या वेळी मान कमी करणे अशोभनीयच होय. तरीही त्या दिवशीची सारी चर्चा ‘कोणाच्या हातून’ या प्रश्नाभोवती फिरली, आणि ‘कोणत्या चित्रपटासाठी’ हा प्रश्न मागे पडला.

आमच्या मते पुरस्काराची कसोटी त्यानंतर चित्रपट किती जणांनी पाहिला, ही आहे. पन्नास वर्षांच्या खंडानंतर २००४ साली संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सुवर्णकमळ जाहीर झाले, तेव्हा दृष्टी गमावणाऱ्या नातवाची आणि त्याच्या आजोबांची ती कथा घरोघरी पोहोचली, ऑस्करच्या खर्चासाठी सामान्य माणसांनी वर्गणी दिली. पुरस्काराने तेथे आपले काम चोख केले. उलट सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले, आणि चित्रपटगृहांत तो आला ऑक्टोबरमध्ये. नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाची ही कथा ज्या घरांना हवी होती, त्यांना ती मिळेपर्यंत टाळ्या विरून गेल्या होत्या.

या संदर्भात आमच्या छत्रपती संभाजीनगरात भरणारा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आम्हांस लक्षणीय वाटतो. येथे स्पर्धेतील चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवले जातात आणि मग ‘सुवर्ण कैलास’ पुरस्कार दिला जातो. परीक्षकांशी सहमत व्हावे की न व्हावे, हे सभागृहातल्या रसिकाला स्वतःच्या डोळ्यांच्या भरवशावर ठरवता येते. २०२५ च्या जानेवारीत दहाव्या महोत्सवात ‘पद्मपाणी’ जीवनगौरव सई परांजपे यांना देण्यात आला. दूरदर्शनवर उमेदवारी करून ‘स्पर्श’सारखा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट देणाऱ्या या लेखिका-दिग्दर्शिकेचा मान योग्यच होता. महोत्सव पाच दिवसांचा आणि एका शहरापुरता, ही त्याची मर्यादा आहे. वैजापूर-पैठणच्या कुटुंबाला त्याचा लाभ क्वचितच होतो. परंतु त्याची रीत अनुकरणीय आहे.

शिवाय या पुरस्कारांची नावेही बोलकी आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी कोणी रंगवला, याची नोंद नाही. वेरूळचे कैलास लेणे घडवणाऱ्या पाथरवटांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. शेकडो वर्षे लोक तेथे येतात ते कृती पाहण्यासाठी.

राष्ट्रीय पुरस्कारांनी कलावंतांचा गौरव थांबवावा, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र पुरस्कार देणाऱ्या शासनाने विजेते चित्रपट जिल्ह्याजिल्ह्यांतून दाखवण्याची जबाबदारीही घ्यावी. तोवर आपणही स्वस्थ बसू नये. धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या रविवारी सायंकाळी ‘श्वास’ किंवा ‘नाळ २’ लावावा, आणि नंतर अर्धा तास मुलांना बोलू द्यावे. दोन्ही ‘श्यामची आई’ लागोपाठ पाहता आले तर फारच उत्तम. एकाच आईकडे दोन काळ कसे पाहतात, हे मुले आपल्यालाच समजावून सांगतील.