उजेड कुणाच्या तोंडावर?

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. रात्रीच्या लढाईसाठी विजेचे दिवे लावले, त्याचे कौतुक आजही होते. मला प्रश्न पडतो तो वेगळाच : ही लढाई कशासाठी? हरिभाऊ आपट्यांच्या मूळ कादंबरीत गडाबरोबर कमलकुमारीच्या शीलरक्षणाची चिंता आहे. अण्णा भाऊ साठ्यांचा फकिरा मात्र उपाशी माणसे जगवण्यासाठी धान्य आणि इंग्रजांचा खजिना लुटतो. १९६३ साली तोही पडद्यावर आला. मांगाचा पोर नायक झाला, याचा आम्हाला अभिमान जरूर आहे. पण केवळ घोडा आणि तलवार पाहून टाळ्या वाजवू नयेत. अशा चित्रपटाची परीक्षा भुकेवर व्हावी. भूक गाळून नुसते शौर्य ठेवले, तर आमचा बंडखोरही त्यांच्याच दरबारातला सरदार ठरतो.