दोन आवाज, एक आमेन

कर्जत-खालापूरकडील ख्रिस्ती घरांना भेटी देताना दिवाणखान्यातील वेदीसमोर एक दृश्य वारंवार दिसते. संध्याकाळी जपमाळ चालू असते, आई पुढे बोलत असते, मुले मागून म्हणत असतात आणि वडिलांची जागा रिकामी असते. वडील एक तर मुंबईहून निघालेल्या लोकलमध्ये कुठेतरी उभे असतात, नाही तर खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात दुसऱ्या पाळीवर असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटासाठी पहाटे घर सोडणारा माणूस रात्री परततो तेव्हा मुले झोपलेली असतात. म्हणून मी विवाहाच्या तयारीवर्गांत आणि प्रवचनांतूनही वर्षानुवर्षे एकच उपदेश करीत आलो : निदान आठवड्यातून एकदा पतिपत्नींनी शेजारी बसून प्रार्थना करावी.

काही वर्षांपूर्वी एका भगिनीने या उपदेशाला उत्तर दिले. पती घरात नसताना ती हळूच म्हणाली, "फादर, हे प्रार्थना करू लागले की मला धडकीच भरते. दिवसभरात माझं काय काय चुकलं ते सगळं ह्यांना देवाच्या कानावर घालायचं असतं. नाव देवाचं, पण ऐकवायचं असतं मला. आणि शेवटी 'आमेन' मीच म्हणायचं."

मी त्या वेळी काहीतरी समजुतीचे बोललो. ते पुरेसे नव्हते, हे मला परतीच्या वाटेवरच कळून चुकले. एकत्र प्रार्थना करा, असे आपण सांगतो. पण ती प्रार्थना दोघांची केव्हा होते आणि एकाचीच केव्हा राहते, याचा विचार आपल्या प्रवचनांत क्वचितच येतो. त्याचा शोध घेताना मी आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पुन्हा वळलो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ख्रिस्ती दांपत्याचे चित्र मराठी गद्यात फार लवकर आले. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे. विनायक आणि यमुना हे तरुण जोडपे मनाने ख्रिस्ताकडे वळलेले आहे. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी विधवांची दुःखे दिसतात. पुढे विनायकाचा मृत्यू होतो, यमुनेवर वैधव्याचे घाले पडतात आणि अखेर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. विधवांच्या यातना समाजापुढे मांडण्याचे धैर्य या ग्रंथाने दाखविले, त्याबद्दल मराठी समाज त्याचा ऋणी आहे. पण दांपत्याचे चित्र म्हणून पाहिले, तर त्यात एक उणीव जाणवते. विनायक आणि यमुना यांच्यात श्रद्धेच्या बाबतीत मतभेद असा नाहीच. पती समजावतो, पत्नीला पटते. दोघांची मने लेखकाने आधीच जुळवून ठेवलेली आहेत. प्रबोधनासाठी लिहिलेल्या ग्रंथात हे क्षम्य आहे. परंतु आपल्या प्रवचनांनी आणि भक्तिपर पुस्तिकांनी पुढे हाच साचा उचलला. पती पुढे, पत्नी मागे, आणि मधे कसलाही प्रश्न नाही. त्या भगिनीच्या घरात जे घडत होते त्याची मुळे या साच्यात आहेत, असे मला वाटते.

या साच्याला छेद देणारा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र शाळेच्या पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांमुळे आपल्या घराघरांत ऐकून माहीत असते, पण सलग वाचलेले फार थोड्यांनी असते. टिळक कुटुंब आपल्या कॅथलिक संप्रदायातील नव्हते. अमेरिकन मिशनच्या मंडळीत ते होते. तरीही ख्रिस्ती दांपत्यजीवनाविषयी मराठीत याहून प्रामाणिक ग्रंथ मला ठाऊक नाही.

कथा थोडक्यात अशी. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी त्या पाण्यापर्यंत सोबत नेले नाही. लक्ष्मीबाई सनातन ब्राह्मण घरात वाढलेल्या, पदरी लहान मुलगा. त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. नंतर त्या नगरला पतीकडे आल्या, पण आपला धर्म सोबत घेऊनच आल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. जातिभेदाचे बंध त्यांनी एकेक करून, स्वतःच्या विचाराने सोडले. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

या पाच वर्षांकडे चिकित्सकपणे पाहिले पाहिजे. त्या काळी, १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार नांदावयास तयार नसेल तर विवाहविच्छेद मागण्याची सोय होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही, ते थांबले. हे त्यांचे थोरपण. पण इतके मोठे पाऊल सहधर्मचारिणीला मागे ठेवून उचलले, हे त्यांचे उणेपण. लक्ष्मीबाई या दोन्ही गोष्टी सांगतात. पतीचे कवित्व, औदार्य आणि भोळेपण त्या जितक्या प्रेमाने रंगवितात, तितक्याच मोकळेपणाने त्यांचा संताप, लहरीपणा आणि हातात पैसा न टिकण्याची सवय सांगतात. आणि हे सारे हसत हसत सांगतात. स्वतःलाही त्या त्या हसण्यातून वगळत नाहीत. भक्तिपर उपदेश शोधणारा वाचक या ग्रंथात थोडा निराश होईल. प्रार्थनेवर प्रवचन त्यात नाही. आहे तो एका बाईचा आवाज, जो पतीच्या आवाजात कधीही विरून गेला नाही.

याच ठिकाणी मला आपल्या पवित्र शास्त्रातील एक कथा आठवली. पतिपत्नींच्या प्रार्थनेचा विषय निघाला की आपण धर्मगुरू तोबिताच्या ग्रंथाकडे वळतो. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये तो समाविष्ट नाही. आठव्या अध्यायात विवाहाच्या रात्री तोबिया साराला उठवून प्रार्थनेला बोलावतो. प्रार्थनेचे शब्द तोबियाच्या मुखी आहेत. अखेरचे 'आमेन' मात्र दोघे मिळून म्हणतात. विवाहविधीत हे वाचन अनेक जोडपी निवडतात, आणि मी त्यावर कितीतरी वेळा बोललो आहे. पण खरे सांगायचे तर, साराच्या वाट्याला केवळ 'आमेन'च का, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता.

त्याचे उत्तर त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. साराचे सात पती एकामागून एक विवाहाच्या रात्रीच मरण पावलेले असतात. घरातील दासी तिला टोचून बोलते. जीव नकोसा झालेली सारा खिडकीशी जाऊन एकटीच देवाला हाक मारते. या प्रार्थनेत कोणी तिला शब्द पुरवत नाही. आपले निर्दोषत्व, आपला अपमान, मरणाची इच्छा, सारे ती देवापुढे ओतते. त्याच वेळी दूर निनवे नगरीत वृद्ध तोबित रडत प्रार्थना करीत असतो. आणि ग्रंथकार सांगतो की, दोघांची प्रार्थना एकाच वेळी देवाच्या गौरवासमोर ऐकली गेली. याचा अर्थ स्पष्ट आहे. आठव्या अध्यायातील साराचे 'आमेन' हे मुक्या बाईचे 'आमेन' नाही. देवाशी आधीच स्वतःच्या तोंडाने बोललेल्या स्त्रीचे ते 'आमेन' आहे. तिसरा अध्याय गाळून आठवा वाचला तर विनायक-यमुनेचा साचा हाती येतो. दोन्ही जोडून वाचले तर लक्ष्मीबाई दिसू लागतात. त्यांची ती पाच वर्षे म्हणजे त्यांची खिडकी होती.

आणि म्हणूनच टिळक दांपत्याची खरी सहप्रार्थना मला ज्या ठिकाणी दिसते ते ठिकाण अनेकांना अनपेक्षित वाटेल. नारायणरावांनी येशूचे ओवीबद्ध चरित्र, 'ख्रिस्तायन', लिहावयास घेतले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत निवर्तले. ग्रंथ अर्धाही झाला नव्हता. तो पुढे नेला लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने साठांहून अधिक अध्याय रचले. अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. ज्या पत्नीने पतीच्या प्रभूला मानावयास पाच वर्षे घेतली, तिनेच पतीच्या पश्चात त्या प्रभूचे चरित्र तडीस नेले. आधी आज्ञेखातर मान डोलावली असती, तर हे घडले असते का? मला शंका आहे. उसने घेतलेले शब्द उसने देणाऱ्याबरोबरच जातात. आपले झालेले शब्द तेवढे मागे उरतात.

कर्जतकरांना यासाठी दूरचा दाखला नको. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. दर ३७ फुटांस एक फूट अशी ती चढण आहे. आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागे जादा इंजिने जोडतात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचे इंजिन ओढते आणि मागची ढकलतात, तेव्हा गाडी लोणावळ्याला पोहोचते. मागचे इंजिन म्हणजे डबा नव्हे. त्याची स्वतःची शक्ती असते, म्हणून तर त्याला जोडतात. संसारात कधी पती पुढे असतो, कधी पत्नी; पण दोघांपैकी एकाला डबा समजून चालत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून वेगळी नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'फॅमिलियारिस कॉन्सोर्सियो' या पत्रात कौटुंबिक प्रार्थनेचे वैशिष्ट्य सांगताना 'पतिपत्नी एकत्र' हा पहिला दुवा मानला, आणि घरातील सुखदुःखे, जन्म, वियोग, वाढदिवस हाच तिचा विषय ठरविला. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना दांपत्याच्या प्रार्थनेसाठी परस्परसंमतीची अट घातली आहे. आणि संत पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा सातवा चरण पतींनी तर उंबरठ्यावर लिहून ठेवावा इतका थेट आहे : पत्नीचा मान राखा, नाही तर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात पत्नींना सांगितलेल्या अधीनतेवर आम्ही अनेकदा बोलतो. सातव्या चरणावर किती बोललो, याचा हिशेब मी स्वतःपुरता केला, तो समाधानकारक निघाला नाही.

येथे आणखी एका घराचा विचार केला पाहिजे. आपल्या भागात मिश्र विवाह आता विरळ राहिलेले नाहीत. पत्नी मिस्साला येते, पती बाहेर दुचाकीजवळ थांबतो. किंवा याच्या उलट. अशा जोडप्यांना 'एकत्र प्रार्थना करा' म्हणणे सोपे आणि त्यांनी ते करणे अवघड. त्यांना मी आता 'स्मृतिचित्रे' वाचावयास सांगतो. श्रद्धा वेगळी असतानाही एका छताखाली मानाने राहता येते, घाई न करता थांबता येते, आणि थांबणाऱ्याची मूक प्रार्थनाही दोघांची असू शकते, हे तो ग्रंथ शिकवितो. मात्र नारायणरावांचे थांबणे घ्यावे. त्यांचे न सांगता पुढे जाणे घेऊ नये.

त्या भगिनीकडे मी पुन्हा गेलो तेव्हा पतिराज घरी होते. मी उपदेश केला नाही. एवढेच सुचविले की, आठवड्यातून एका रात्री दोघांनी पाच मिनिटे बसावे. प्रत्येकाने केवळ स्वतःविषयी देवाशी बोलावे, दुसऱ्याविषयी बोलायचेच तर आभार मानावेत. आणि पहिल्यांदा पत्नीने बोलावे. पतिराज जरा चपापले. "मग मी काय बोलू, फादर?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "आधी ऐका. मग 'आमेन' म्हणा."

पुढे काय झाले ते मी विचारले नाही. ते त्यांचे आणि देवाचे आहे. पण नंतर एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती भगिनी दाराशी थांबली आणि म्हणाली, "फादर, ह्यांना प्रार्थनेत रडताना मी पहिल्यांदा पाहिलं." त्यापुढे ती बोलली नाही, आणि मीही काही विचारले नाही. 'स्मृतिचित्रे'ची आमच्या धर्मग्रामातील प्रत सध्या त्यांच्याच घरी आहे. ती परत आली की पुढच्या जोडप्याने मागून घ्यावी.