जॉन बन्यन : पाळक, पिता आणि यात्रेची दोन पुस्तके

ख्रिस्ती वाङ्मयात काही ग्रंथ असे आहेत की, ज्या पंथाच्या अंगणात ते जन्मले त्या अंगणात ते मावले नाहीत. जॉन बन्यन यांचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा त्यांपैकीच एक. इंग्लंडमधील बेडफर्ड गावच्या एका गरीब पाळकाने लिहिलेले हे रूपक दोनशेहून अधिक भाषांत गेले. मराठीत ते फार लवकर आले. हरि केशवजी यांनी केलेला त्याचा अनुवाद 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ साली प्रसिद्ध झाला. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ची. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला येण्याच्या सोळा वर्षे आधी एक दीर्घ कल्पित गद्यकथा मराठी वाचकाच्या हाती पडली होती आणि ती बन्यन यांची होती.

आपल्या कॅथलिक घरांतील पुस्तकांच्या फळीवर मात्र हा ग्रंथ क्वचितच दिसतो. लेखक प्रॉटेस्टंट, त्यातही बाप्टिस्ट परंपरा ज्यांना आपले मानते असा. शिवाय ग्रंथात परमगुरूंविषयी एक बोचरे चित्र आहे. या चित्राचा परामर्श पुढे घेऊच. परंतु बन्यन यांच्या लेखनात कुटुंबवत्सल वाचकाला याहूनही अधिक अस्वस्थ करणारा एक प्रश्न आहे. आत्म्याच्या तारणासाठी माणसाने घर सोडावे काय? या प्रश्नाला बन्यन यांनी एकदा जीवनात आणि दोनदा साहित्यात उत्तर दिले. ही तिन्ही उत्तरे एकत्र वाचली तरच त्यांच्या साहित्याचे मर्म हाती लागते.

बन्यन यांचा जन्म १६२८ साली बेडफर्डजवळील एल्स्टो या खेड्यात झाला. वडील भांडी दुरुस्त करणारे कारागीर. मुलानेही तोच धंदा उचलला. गावोगाव हिंडायचे आणि फुटकी भांडी सांधून द्यायची, असे हे हातावरचे पोट. सोळाव्या वर्षी आई गेली. त्यानंतर काही काळ त्यांनी यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्यात काढला. १६४९च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. या पहिल्या पत्नीचे नावही इतिहासाने जपलेले नाही. तिने माहेराहून आणलेली दोन भक्तिपर पुस्तके हीच काय ती त्यांच्या संसाराची श्रीमंती. जेवायच्या ताटा-चमच्याचीही वानवा होती. १६५० साली त्यांना पहिली मुलगी झाली. तिचे नाव मेरी. ती जन्मांध होती.

पुढे बेडफर्डच्या एका स्वतंत्र मंडळीत बन्यन सामील झाले आणि उपदेश करू लागले. १६५८ साली पत्नी निवर्तली. पदरी चार लहान मुले. १६५९मध्ये त्यांनी एलिझाबेथ नावाच्या तरुणीशी दुसरा विवाह केला. १६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि राजमान्य चर्चबाहेरील उपदेशकांवर कायद्याचा बडगा उगारला गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बन्यन यांना अटक झाली. त्या धक्क्याने गरोदर एलिझाबेथला अकाली प्रसूतिवेदना सुरू झाल्या आणि मूल दगावले.

यापुढची बारा वर्षे बन्यन बेडफर्डच्या तुरुंगात होते. ही शिक्षा अन्य कैद्यांच्या शिक्षेसारखी नव्हती. तुरुंगाची किल्ली एका अर्थाने त्यांच्याच हाती होती. यापुढे उपदेश करणार नाही, एवढा शब्द त्यांनी दिला असता तर त्यांना घरी जाता आले असते. तो शब्द त्यांनी दिला नाही. घर चालावे म्हणून ते कोठडीत बसून नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसवीत व त्या विकायला पाठवीत.

इकडे एलिझाबेथने जे केले ते कोणत्याही उपदेशापेक्षा कमी मोलाचे नाही. तिने लंडनला जाऊन एका उमरावाच्या हाती अर्ज दिला. १६६१च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश बेडफर्डला आले तेव्हा तिने एका न्यायाधीशाच्या बग्गीत अर्ज टाकला आणि शेवटी स्वान खाणावळीच्या दालनात, भरल्या सभेत, ती त्यांच्यासमोर उभी राहिली. सर मॅथ्यू हेल यांनी तिचे म्हणणे सहानुभूतीने ऐकले. इतरांनी तिला झिडकारले. पोटी चार लहान लेकरे, त्यांतले एक आंधळे, आणि उदरनिर्वाह लोकांच्या दयेवर, हे तिने सांगितले. आपला नवरा गरीब कारागीर आहे म्हणूनच त्याला न्याय नाकारला जातो, हेही सुनावले. मात्र नवरा उपदेश सोडील का, असे विचारले तेव्हा तिने खोटी आशा दाखविली नाही. बोलता येते तोवर तो थांबणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. हा वृत्तांत बन्यन यांनी लिहून ठेवला होता. तो छापला गेला १७६५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने.

तुरुंगात असतानाच, १६६६ साली, बन्यन यांचे आत्मकथन 'ग्रेस अबाउंडिंग' प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचा मोठा भाग आध्यात्मिक द्वंद्वाने व्यापलेला आहे: पापाची भीती, निराशा, बायबलच्या एकेका वचनाशी चाललेली झुंज. आजच्या वाचकाला त्यातील काही पाने कंटाळवाणी वाटतील. पण पत्नी व मुलांपासूनच्या ताटातुटीचा प्रसंग आला की लेखणी एकदम बदलते. वियोग ते शरीराच्या वेदनेच्या भाषेत सांगतात. सर्व मुलांत अंध मेरीचा विचार त्यांना सर्वाधिक छळतो. आपल्यामागे ती थंडीत कुडकुडेल, भीक मागेल, मार खाईल, अशी दृश्ये त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आपणच आपल्या घराचे छप्पर बायकामुलांच्या डोक्यावर पाडीत आहोत, ही जाणीव त्यांना क्षणभरही सोडीत नाही. या पानांत धर्मवीराचा आव नाही. आपण योग्य तेच करीत आहोत अशी खात्री असलेला, आणि तरीही आपल्या निर्णयाची किंमत दुसरे मोजत आहेत हे जाणणारा एक बाप येथे बोलतो. बन्यन यांच्या गद्यातील हा सर्वांत प्रामाणिक भाग म्हणावा लागेल. मेरी वडिलांच्या आधीच हे जग सोडून गेली.

हे जीवन डोळ्यांपुढे ठेवून १६७८ साली प्रसिद्ध झालेला 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग उघडावा. नाशनगरीत राहणारा ख्रिश्चन नावाचा गृहस्थ पाठीवरच्या पापाच्या ओझ्याने व्याकूळ आहे. बायकामुलांना आपली व्यथा सांगून तो थकतो. त्यांना वाटते, याचे डोके फिरले. अखेर तो घराबाहेर धाव घेतो. बायकामुले मागून हाका मारतात, तेव्हा तो कानांत बोटे घालतो आणि अनंत जीवनाचा घोष करीत पळत सुटतो. मराठी वाचकाला येथे बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. परंतु रामदास लग्न लागण्यापूर्वी निघाले, असे परंपरा सांगते. ख्रिश्चन निघतो तो चार मुलांना मागे टाकून.

ही कानांतली बोटे अनेक वाचकांना खटकली आहेत आणि ती खटकावीत हेच योग्य. पण बन्यन यांनाही ती खटकत होती, याचा पुरावा त्याच भागात आहे. पुढे एका टुमदार प्रासादात चॅरिटी, म्हणजे प्रीती, नावाची स्त्री ख्रिश्चनला थेट विचारते: तुझी बायकामुले कोठे आहेत? त्यांना का आणले नाहीस? तेव्हा ख्रिश्चन रडू लागतो. तिची उलटतपासणी चांगली दीर्घ चालते. आपण विनविले, समजाविले, प्रार्थना केली, असे तो सांगतो. हा प्रश्न विचारण्याचे काम लेखकाने प्रीतीवर सोपविले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यात्रिकाची विनवणी खरी होती असे तिला पटते. पण वाचकाच्या मनात ते रिकामे घर तसेच राहते.

१६८४ साली बन्यन यांनी त्या घराचे दार पुन्हा उघडले. दुसऱ्या भागात ख्रिश्चनची पत्नी ख्रिश्चियाना, तिचे चार मुलगे आणि मर्सी नावाची शेजारची तरुणी त्याच वाटेने निघतात. कलाकृती म्हणून हा भाग पहिल्याच्या तोडीचा नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ग्रेटहार्ट नावाचा शूर वाटाड्या सोबत असल्याने संकटांची धार बोथट होते. तो एकामागून एक राक्षस मारीत जातो आणि वाचकाला काळजी उरत नाही. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे लांबतात. पहिल्या भागात 'मायाबाजारा'तील खटला किंवा निराशा-राक्षसाची अंधारकोठडी वाचताना जो श्वास रोखला जातो, तसे येथे होत नाही.

असे असूनही या भागात पहिल्यात नसलेले काही आहे. येथे मुले दमतात, म्हणून वाट थांबते. थोरला मॅथ्यू सैतानाच्या बागेतले फळ खाऊन आजारी पडतो, आईच्या जिवाचे पाणी होते, वैद्य येतो. मुलांची लग्ने होतात. गायस नावाचा खाणावळवाला प्रभूच्या सेवेतील स्त्रियांचा गौरव करतो. कुबड्या घेतलेला, मनाने दुबळा, सदा भेदरलेला, असे सारे वाटेत सामील होतात आणि त्यांच्या चालीने सर्व चालतात. निराशेचा किल्ला जमीनदोस्त झाल्यावर कुबडीवाला गृहस्थ एका हाती कुबडी धरून भेदरट मुलीबरोबर रस्त्यावर नाचतो. पहिला भाग एकाकी साधकाचा, दुसरा दिंडीचा. वारीची परंपरा रक्तात असलेल्या मराठी माणसाला दुसराच अधिक जवळचा वाटेल. दिंडी चालते ती सर्वांत हळू चालणाऱ्याला बरोबर घेऊन.

बारा वर्षे घरापासून दूर राहिलेल्या पित्याने आयुष्याच्या उतारावर हा भाग लिहिला. लेखकाचे मन आपण उघडून पाहू शकत नाही. परंतु एवढे म्हणता येईल की, 'ग्रेस अबाउंडिंग'मधील बापाला जो प्रश्न सुटला नव्हता, तो या भागात निदान सोबतीने चालण्यात विसावतो. याला जोड देणारी एक घटना आहे. १६८५च्या डिसेंबरात, पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागली तेव्हा, बन्यन यांनी आपली सर्व चीजवस्तू दानपत्राने एलिझाबेथच्या नावे करून दिली. आपल्याला पकडले तरी घरावर जप्ती येऊ नये, हा हेतू. पहिल्या अटकेच्या वेळी जे करता आले नाही ते त्यांनी या वेळी आधीच करून ठेवले.

आता त्या बोचऱ्या चित्राविषयी. पहिल्या भागात मृत्यूच्छायेच्या दरीच्या टोकाशी एका गुहेत 'पेगन' आणि 'पोप' असे दोन राक्षस राहत असल्याचे वर्णन आहे. पहिला मेलेला आहे. दुसरा म्हातारा, सांधे आखडलेला, वाटसरूंना नुसता दात-ओठ खाऊन दाखविणारा. कॅथलिक वाचकाने हे पान फाडू नये आणि त्यावरून डोळेझाकही करू नये. बन्यन यांच्यासोबत तुरुंगात बायबल होते आणि जॉन फॉक्स यांचा प्रॉटेस्टंट हुतात्म्यांचा ग्रंथ होता. राणी मेरीच्या राजवटीत जाळल्या गेलेल्यांच्या कथा त्यांनी त्यात वाचल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पण त्यांना दिसली ती एकच बाजू. ज्या वर्षी हे पुस्तक निघाले, त्याच १६७८ साली टायटस ओट्स या लबाड माणसाने कॅथलिकांच्या कटाची बनावट कहाणी रचली आणि इंग्लंडमध्ये निरपराध धर्मगुरूंचे बळी गेले. संत क्लॉद द ला कोलंबिएर त्याच वर्षी लंडनच्या तुरुंगात पडले. संत ऑलिव्हर प्लंकेट यांना १६८१ साली फाशी झाली. स्वतः विवेकासाठी बारा वर्षे कोंडून घेतलेल्या लेखकाला, शेजारच्या कोठडीत दुसऱ्या पंथाचा माणूसही विवेकासाठीच बसला आहे, हे दिसले नाही. ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा आणि त्या पानाची वाङ्मयीन मर्यादाही. या राक्षसाला व्यक्तिमत्त्व नाही. तो केवळ एक शेरा आहे. बन्यन यांनी अनुभवलेल्या निराशेचा राक्षस किती जिवंत उतरला आहे, हे पाहिले म्हणजे फरक कळतो.

योगायोग असा की, १६७२ साली बन्यन यांची सुटका करणाऱ्या राजाज्ञेनेच कॅथलिकांनाही आपापल्या घरांत उपासनेची मोकळीक दिली होती. पुढच्याच वर्षी ती राजाज्ञा मागे घ्यावी लागली. त्याच १६७३ साली, मंडळीचा पाळक झालेल्या बन्यन यांनी एक पुस्तिका लिहून प्रतिपादन केले की, पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयी मतभेद असले तरी तेवढ्यासाठी बंधूंना प्रभुभोजनाच्या सहभागातून दूर ठेवू नये. स्वपंथीयांचा रोष पत्करून त्यांनी ही भूमिका घेतली. त्यांचे औदार्य आपल्यापर्यंत पोहोचले नाही, हे खरे. पण त्याची दिशा कोणती होती हे दिसते.

आपल्या ख्रिस्तसभेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत दोन दस्तऐवज एकाच दिवशी घोषित केले: एक ख्रिस्ती ऐक्यावरचा आणि दुसरा ख्रिस्तसभेविषयीचा. या दुसऱ्या दस्तऐवजात ख्रिस्तसभेला यात्रिक म्हटले आहे, आणि कुटुंबाला जणू घरातली ख्रिस्तसभा. या दोन कल्पना शेजारी ठेवल्या की बन्यन यांचे दोन भाग वाचण्याची किल्ली सापडते. यात्रा आणि घर यांत एकाची निवड करावी लागते, असे पहिला भाग सुचवितो. घरच यात्रेला निघू शकते, हे दुसरा भाग दाखवितो. म्हणून आपल्या कुटुंबांत हे पुस्तक वाचायचे तर दोन्ही भाग वाचावेत. केवळ पहिला वाचला तर कानांतली बोटे तेवढी लक्षात राहतील.

१६८८ सालच्या ऑगस्टमध्ये बन्यन घोड्यावरून रेडिंग या गावी गेले. तेथील एक पिता आपल्या मुलावर रागावला होता. त्या दोघांचा समेट घडवून आणणे, एवढेच काम होते. समेट झाला. तेथून लंडनला येताना ते मुसळधार पावसात भिजले, ताप भरला आणि ३१ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. बनहिल फील्ड्स येथे त्यांचे दफन झाले. बापलेकांचे तुटलेले नाते सांधणे हे या पाळकाचे शेवटचे काम ठरले. त्यांच्या ग्रंथांवरील कोणत्याही भाष्यापेक्षा ते अधिक बोलके आहे.