सुधाकराची खरी जखम

राम गणेश गडकरी यांचे जानेवारी १९१९ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडविले. नाटकाचे तात्पर्य शीर्षकातच आहे: पहिला प्याला हेच सर्वनाशाचे मूळ. परंतु नाटक लक्षपूर्वक वाचले असता गडकऱ्यांची दृष्टी त्यांच्या तात्पर्याहून खोल गेल्याचे प्रत्ययास येते.

सुधाकर चैनीखातर पीत नाही. भर न्यायालयात अपमान होतो, वकिलीची सनद तात्पुरती जाते आणि त्याचे मानी मन होरपळते. ते विसरावे म्हणून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. पुढे सुधाकर दारू सोडतोही. पण काम मागू जाता पदरी अवहेलनाच येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारू सुटली होती, दुखावलेला अभिमान तसाच राहिला होता. गडकऱ्यांनी हे दाखविले, मात्र अखेरचा दोष प्याल्यावरच ठेवला. या ठिकाणी ही श्रेष्ठ शोकांतिका उणी पडते.

गडकऱ्यांच्या काळी नव्हती ती औषधे आज आहेत. डायसल्फिरॅमचा हा उपयोग १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आला. ते घेतलेल्याने मद्य प्यायल्यास शरीरात विषारी द्रव्य साठते; चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते. नाल्ट्रेक्सोनसारखे औषध पिण्याची ओढ कमी करते. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबविल्यास झटके व भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तेव्हाही डॉक्टर आवश्यकच. गोळी घेणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे मानणे चुकीचे आहे.

तितकेच चुकीचे आहे ते गोळीवर सारा भार टाकणे. काही घरांत ती जेवणातून नकळत दिली जाते. हे जिवावर बेतू शकते. शिवाय त्यात माणसाची संमती नाही आणि त्याच्या दुःखाची विचारपूसही नाही. सिंधू पतीचा दोष अखेरपर्यंत झाकते. आपली कुटुंबेही अब्रूपायी तेच करतात. झाकलेली जखम चिघळतेच.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या १२ पायऱ्यांत आत्मपरीक्षण आहे व दुसऱ्या माणसापुढे त्याची कबुलीही आहे. पापनिवेदनाची परंपरा जपणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे खिळलेल्या रुग्णाला प्रभूने आधी त्याची इच्छा विचारली, मग उठविले. औषध माणसाला शुद्धीवर आणते, विचार करण्यास अवधी देते. त्या अवधीत त्याच्याजवळ बसून ‘तुला काय सलते आहे?’ असे विचारणारा कोणी तरी हवा. सुधाकराला तो वेळेवर भेटला नाही. आपल्या धर्मग्रामातील सुधाकराला तो भेटावा, ही जबाबदारी आपली आहे.