प्राणिसंकेत आणि पर्जन्यानुमान : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एका लोकपरंपरेची चिकित्सा

प्रस्तावना

लोकसाहित्याच्या आपल्याकडील अभ्यासात ऋतुमानविषयक समजुतींना बहुधा एखाद्या परिच्छेदापुरतीच जागा मिळते. मुंग्या अंडी हलवू लागल्या, चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या, टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली, कावळ्याने आंब्यावर घरटे बांधले, अशी एक यादी दिली जाते आणि तिच्या शेवटी दोनपैकी एक शेरा येतो. एक पक्ष या समजुतींना पूर्वजांचे निसर्गविज्ञान म्हणून गौरवितो. दुसरा पक्ष त्यांना अंधश्रद्धा ठरवून बाजूला सारतो. दोन्ही पक्षांचा एक दोष समान आहे. यादीतील सर्व संकेत एकाच जातीचे आहेत, असे दोघेही गृहीत धरतात.

युरोप-अमेरिकेत प्राण्यांवरून वसंताचे भविष्य पाहण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील पंक्सुटॉनी या गावी १८८७ पासून २ फेब्रुवारीला 'ग्राउंडहॉग' या बिळात राहणाऱ्या प्राण्याची सावली पाहिली जाते आणि हिवाळा लांबणार की लवकर सरणार, हे सांगितले जाते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात थंडी सरण्याची चिंता नसते. चिंता असते ती येणाऱ्या पावसाची. त्यामुळे महाराष्ट्रातील वसंतकालीन प्राणिसंकेत हे जवळजवळ सर्वस्वी पर्जन्यसंकेत आहेत. या संकेतांचे त्यांच्या स्वरूपानुसार वर्गीकरण करणे आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या भूगोलावर ते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा त्यासाठी विशेष उपयुक्त ठरतो. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर परिसरात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डी हे तालुके पाऊस कमी म्हणून अवर्षणाशी झुंजत आले आहेत. एकच संकेत या दोन्ही टोकांना एकच अर्थ सांगू शकतो काय, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

परंपरेचा पूर्वेतिहास

प्राण्यांच्या वर्तनावरून पाऊस ओळखण्याची परंपरा लिखित स्वरूपात किमान दीड हजार वर्षांची आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त पर्जन्याविषयी स्वतंत्र अध्याय आहेत. त्यांपैकी तत्काळ पडणाऱ्या पावसाची लक्षणे सांगणाऱ्या अध्यायात अंडी हलविणाऱ्या मुंग्या, नखांनी जमीन उकरणारी मांजरे, झाडाच्या शेंड्यावर चढून आकाशाकडे पाहणारे सरडे, घराबाहेर पडण्यास नाखूष असलेली जनावरे यांचा उल्लेख येतो. यातील बरीच लक्षणे आजही खेड्यापाड्यांत सांगितली जातात. मराठीत सहदेव-भाडळीच्या नावावर आणि उत्तरेत घाघ-भड्डरीच्या नावावर चालत आलेली वचने हा या परंपरेचा मौखिक प्रवाह होय.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बृहत्संहिताकाराने दीर्घ मुदतीचे अनुमान आणि तत्काळ पावसाची लक्षणे हे विषय वेगळे ठेवले आहेत. पावसाच्या 'गर्भधारणे'ची चर्चा तो महिने आधीच्या मेघ, वारे व नक्षत्रांच्या आधारे करतो. मुंग्या, मांजरे, सरडे यांना तो प्रामुख्याने काही तासांच्या किंवा दिवसांच्या अनुमानासाठी साक्षीला बोलावतो. आर्द्रता, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब यांतील बदल कीटकांना आणि जनावरांना आपल्याआधी जाणवावेत, हे अशक्य नाही. म्हणजे अल्प आणि दीर्घ मुदतीचा जो विवेक प्राचीन ग्रंथात आढळतो, तो आधुनिक संकलकांच्या याद्यांत हरवला आहे.

पंचांगातील प्राणी

ग्रामीण महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर सर्वाधिक चर्चिले जाणारे प्राणी प्रत्यक्षात कोणी पाहिलेले नसतात. ते पंचांगात असतात. मृगापासून पुढच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक 'वाहन' असते. सूर्य त्या नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून येणाऱ्या संख्येला नऊने भागतात. बाकी १ उरल्यास घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव आणि शून्य उरल्यास हत्ती. सर्वसाधारणपणे बेडूक, म्हैस, हत्ती ही वाहने भरपूर पावसाची. मोर, उंदीर, गाढव मध्यम पावसाची. कोल्हा व मेंढा अल्प पावसाची. आणि घोडा डोंगराळ भागातील पावसाचा मानला जातो.

या योजनेचे मूळ निरीक्षणात आहे, हे मान्य करावे लागते. बेडूक आणि म्हैस पाण्यात रमतात, मेंढा कोरड्या माळावर पोसतो, हे कृषिजीवनातील साधे अनुभव आहेत. परंतु वाहन ठरविताना बेडकाकडे कोणी पाहत नाही. प्राणी येथे चिन्ह झाला आहे आणि चिन्ह गणिताच्या स्वाधीन झाले आहे. याचे दोन परिणाम होतात. पहिला परिणाम असा की, स्थळाचा संदर्भ पुसला जातो. आर्द्रा नक्षत्राचे वाहन घाटघरला जे, तेच जामखेडला. एके ठिकाणी भातखाचरे तुडुंब भरलेली असतात आणि दुसरीकडे पेरलेल्या बाजरीला पाण्याची ओढ बसलेली असते. वाहनाला त्याचे सोयरसुतक नसते. दुसरा परिणाम योजनेच्या रचनेतच दडलेला आहे. नऊपैकी सहा वाहने मध्यम किंवा त्याहून अधिक पाऊस सांगतात. स्पष्टपणे अल्प पाऊस सांगणारी केवळ दोन आहेत. पर्जन्यछायेच्या प्रदेशासाठी हे प्रमाण फारच आशावादी म्हटले पाहिजे. पंचांगश्रवणातून मिळतो तो दिलासा. पेरणीचा निर्णय त्यावर सोपविता येत नाही. पंक्सुटॉनीचा सोहळा हा याच वर्गातील होय. तेथेही प्राणी तारखेला बांधलेला आहे, आणि अलीकडील वर्षांच्या पडताळणीत त्याचे भाकीत निम्म्याहून कमी वेळा खरे ठरल्याचे आढळले आहे.

माळरानावरील प्राणी

याउलट टिटवी, कावळा, पावशा हे प्रत्यक्ष दिसणारे, ऐकू येणारे पक्षी आहेत. म्हणूनच त्यांच्या संकेतांची तपासणी अधिक काळजीने झाली पाहिजे.

टिटवीविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस मोठा आणि अंडी चार असली तर पावसाचे चारही महिने चांगले. यातील दुसरी समजूत विचारात घेण्याजोगी आहे. टिटवी जमिनीवरील उथळ खळग्यात अंडी घालते आणि तिच्या एका विणीत साधारणतः चारच अंडी असतात. त्यामुळे हा संकेत बहुतेक वर्षी शुभच निघणार. जो संकेत दुष्काळाच्या वर्षीही चार महिन्यांचा पाऊस सांगतो, तो खोटा ठरूनही टिकतो. कारण पाऊस झाला की त्याची आठवण निघते आणि न झाल्यास ती निघत नाही.

कावळ्याचा संकेत वेगळ्या कारणाने अडचणीचा आहे. आंबा, करंज अशा दाट पानांच्या झाडावर घरटे असल्यास पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर असल्यास कमी, असे सांगितले जाते. हा संकेत मराठी वाचकांत रुजविण्यात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. वनाधिकारी म्हणून त्यांनी प्रदीर्घ काळ जंगलांत घालविला आणि वनवासी लोकांकडून ऐकलेले संकेत आस्थेने नोंदविले. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य त्या त्या अरण्याच्या सान्निध्यात आहे. परंतु वृत्तपत्रांतून दर मे महिन्यात तेच संकेत स्थळाचा उल्लेख गाळून छापले जातात, तेव्हा विदर्भातील दाट जंगलाचा अनुभव नगरच्या माळावर लादला जातो. अकोल्याच्या डोंगरउतारावर कावळ्यापुढे आंब्यापासून उंबरापर्यंत निवड असते. कर्जत-जामखेडच्या माळावर बाभूळ, वेडी बाभूळ आणि बांधावरचा कडुनिंब हीच झाडे प्रामुख्याने उरली आहेत. तेथील कावळा बाभळीवर घरटे बांधतो ते दुसरे झाड नाही म्हणून. तो संकेत येत्या पावसाळ्याविषयी काही सांगत नाही. गेल्या अनेक पावसाळ्यांनी आणि माणसांनी त्या माळाचे काय केले, एवढेच सांगतो.

पावशाचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत बोलके वाटावे. या पक्ष्याच्या चढत्या सुरातील आरोळीत मराठी शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' अशी आज्ञा ऐकू येते. हिंदी भाषकाला तीच आरोळी 'पी कहाँ' अशी विरहिणीची विचारणा वाटते, बंगाली भाषकाला 'चोख गेलो' म्हणजे 'डोळे गेले' असा आक्रोश वाटतो, तर इंग्रजांनी तिच्यात 'ब्रेन फीव्हर' हा तापाचा आजार ऐकला. पक्षी एकच, विणीचा हंगामही तोच. अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या काळजीतून येतो. पावशाची ही साद पावसाच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यातच सुरू होते. ती ऐकून वळवाच्या सरीवर पेरणी केली आणि पुढे पावसाने खंड दिला तर दुबार पेरणीची पाळी येते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला याच अनुभवावर उभा आहे. एका आरोळीचा अर्थ लावण्यात बियाणे, खते आणि कर्ज पणाला लागलेले असते, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

पावशा आणि चातक यांची लोकव्यवहारात पुष्कळदा गल्लत होते. चातकाची प्रतिमा मराठीत फार जुनी आहे. याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत चातकाच्या करुणेने धावणारा मेघ येतो. कविसंकेतातील हा तहानलेला पक्षी काव्यात अढळ आहेच. परंतु प्रत्यक्षातील चातकही उपयोगी साक्षीदार ठरू शकतो. आफ्रिकेतून येणारे चातक मोसमी वाऱ्यांच्या सुमारास उत्तर व मध्य भारतात दाखल होतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' या उपक्रमात देशभरातील पक्षिनिरीक्षकांनी त्याच्या प्रथमदर्शनाच्या तारखा नोंदविल्या. संकेताची तारीख आणि पावसाची तारीख शेजारी ठेवता येते, तेव्हा श्रद्धा-अश्रद्धेचा वाद अनावश्यक होतो.

यांखेरीज एक वर्ग उरतो, तो साक्षीचा. मखमली तांबडा मृगाचा किडा, पंख फुटून बाहेर पडणारी वाळवी हे पहिल्या पावसानंतर प्रकटतात. त्यांना भविष्यवेत्ते मानण्यात कालक्रम उलटा होतो. मात्र जमिनीत ओल किती मुरली, याची ती विश्वसनीय खूण असू शकते, आणि पेरणीसाठी तीच खूण अधिक मोलाची आहे.

स्थानिकतेचा प्रश्न

जिल्ह्याचा बराचसा भाग परंपरेने रब्बी ज्वारीचा आहे. त्या पिकाचे भवितव्य मृगापेक्षा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या, म्हणजे सप्टेंबर व ऑक्टोबरच्या प्रारंभीच्या पावसावर अवलंबून असते. असे असता वसंतातील संकेतांनाच सारे महत्त्व देणारी याद्यांची पद्धत खरिपाच्या प्रदेशातून उसनी घेतलेली दिसते. पुनर्वसूला 'तरणा' आणि पुष्याला 'म्हातारा' म्हणणाऱ्या लोकांनी भाद्रपद-आश्विनातील पावसासाठी कोणत्या खुणा पाहिल्या, हे मेंढपाळांना आणि कोरडवाहू शेतकऱ्यांना विचारले गेले पाहिजे.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि १८७६–७८ च्या दुष्काळानंतर, १८८६ मध्ये मोसमी पावसाचा पहिला नियमित हंगामी अंदाज दिला गेला. आजचा हंगामी अंदाज देशाच्या सरासरीच्या टक्केवारीत येतो. तो अचूक ठरला तरी एका तालुक्यातील एका बांधाविषयी तो काही बोलत नाही. ही जी मोकळी जागा राहते, तिच्यात प्राणिसंकेत टिकून आहेत. त्यांच्या टिकण्याला केवळ अज्ञान हे कारण देणे म्हणूनच अपुरे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून प्राणिसंकेतांचे चार वर्ग स्पष्ट होतात : गणिताने ठरणारी वाहने, हंगामाचे दूरचे भाकीत करणारी घरटी व अंडी, पावसाच्या आगेमागे येणारे पक्षी व कीटक, आणि काही तासांपूर्वी जाणवणारे वर्तनबदल. पहिल्या दोन वर्गांचे मोल सांस्कृतिक आहे. शेवटच्या दोन वर्गांची पडताळणी होऊ शकते. त्यांना एकाच गोणीत भरल्याने गौरव करणारे फसतात आणि निंदा करणाऱ्यांच्या हातून तपासण्याजोगे ज्ञान निसटते.

या कामी महाविद्यालये पुष्कळ करू शकतात. मराठी, भूगोल आणि प्राणिशास्त्र या तीन विभागांनी एकत्र येऊन प्रत्येक संकेताबरोबर गाव, तारीख, सांगणाऱ्याचा व्यवसाय, झाड किंवा जमिनीचा प्रकार आणि नंतर मंडळनिहाय पर्जन्यमापकावर झालेली नोंद असा तक्ता ठेवल्यास, आणि फसलेले संकेतही तितक्याच प्रामाणिकपणे टिपल्यास, पाच-दहा वर्षांत बोलण्याजोगी सामग्री हाती येईल. हे काम लांबणीवर टाकता येणार नाही. १९७९ मध्ये सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळरानांवर ज्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तो माळढोक आज तेथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. टिटवी अजून आहे, आणि तिच्या अंड्यांवरून नांगर वळवून नेणारी माणसेही आहेत. त्यांच्या पिढीला विचारून घेण्याची मुदत फार मोठी नाही.